पगाराचा कागद हातात घेतल्यावर पडणारे प्रश्न : कोल्हापुरातल्या सफाई, अंगणवाडी, आशा, ग्रामपंचायत आणि कंत्राटी कामगारांसाठी

रविवारी सकाळी आम्ही काही जण शिवाजी पेठेत एका तालमीच्या कट्ट्यावर बसतो. कचऱ्याच्या टिप्परवरचे ड्रायव्हर, झाडू कामगार, अंगणवाडीच्या मदतनीस, आशाताई, गावात पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारे ग्रामपंचायतीचे शिपाई असे लोक पगाराचे कागद घेऊन येतात. मी एका सहकारी संस्थेत आयुष्यभर हिशेबनीस होतो, त्यामुळे कागद वाचून देण्याचं काम माझ्याकडे आलं. त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. माझी आई भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीत अंगणवाडीची मदतनीस होती. या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

किमान वेतन, योग्य वेतन, निर्वाह वेतन अशी तीन नावं कशाला? पगार तो पगार की!

तिन्ही पातळ्या वेगळ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली सरकारने योग्य वेतन समिती नेमली आणि तिने ही मांडणी केली. सगळ्यात खाली किमान वेतन : माणूस जगेल, काम करण्याइतकी ताकद राहील आणि थोडंफार शिक्षण, औषधपाणी होईल एवढं. सगळ्यात वर निर्वाह वेतन : अन्न, वस्त्र, निवारा यांच्यासोबत मुलांचं शिक्षण, आजारपण, सणवार, पाहुणेरावळे आणि म्हातारपणाची तरतूद. या दोहोंच्या मध्ये योग्य वेतन, म्हणजे किमानाच्या वर आणि मालकाला झेपेल तिथपर्यंत.

'निर्वाह वेतन' हा शब्द संघटनांनी काढलेला नाही, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये आहे. कामगारांना निर्वाह वेतन आणि माणसासारखं जगता येईल अशी कामाची परिस्थिती मिळावी यासाठी राज्याने झटावं, असं तिथं म्हटलंय. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट कोर्टात दावा लावता येत नाही. किमान वेतनावर लावता येतो.

पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ आहे. वेतनाचं गणित त्याच्या उलटं धरा. इथं पातळी खाली गेली की धोका. किमान वेतन ही धोक्याची रेघ आहे. ती गाठली म्हणजे पगार चांगला झाला, असं होत नाही.

मग निर्वाह वेतनाचा आकडा किती? मोजतात कसा?

सरकारने कोल्हापूरसाठी निर्वाह वेतनाचा म्हणून आकडा काढलेला नाही. पण गरजेवर आधारलेलं किमान वेतन मोजायची रीत १९५७ पासून ठरलेली आहे, हिशेब तिथूनच सुरू करायचा. त्या वर्षीच्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिघांनी मिळून ती मान्य केली. कमावणारा एक आणि खाणारी तीन 'एककं' धरायची. प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांकांचं जेवण, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि एकूण वेतनाच्या २० टक्के इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चाला. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षण, औषधपाणी, करमणूक, सण, लग्नकार्य आणि म्हातारपण यांच्यासाठी आणखी २५ टक्के धरायला हवेत. नव्या वेतन संहितेच्या मसुदा नियमांत हेच सूत्र आलं. ७२ वारांचे ६६ मीटर झाले, एवढंच.

आता कट्ट्यावर करतो तसा हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या घरचे घाला.

समजा एका प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या जेवणाला १०० रुपये लागतात. यात भाकरी, डाळ, भाजी, दूध, तेल आणि कधीतरी मटण किंवा अंडी सगळं आलं. तीन एककांचे दिवसाला ३००, महिन्याला ९,००० रुपये. कापड आणि शिलाई मिळून मीटरला २०० धरले तर ६६ मीटरचे वर्षाला १३,२००, म्हणजे महिन्याला १,१००. दोन्ही मिळून १०,१००. मसुदा नियम सांगतात, घरभाडं अन्न आणि कापडाच्या १० टक्के धरा. ते झाले १,०१०. बेरीज ११,११०. आता इंधन-दिव्याचे २० आणि शिक्षण-औषधाचे २५ असे ४५ टक्के एकूण वेतनातून बाजूला जातात, म्हणजे ही ११,११० ची बेरीज एकूण वेतनाच्या ५५ टक्के ठरते. एकूण वेतन येतं २०,२०० रुपये.

पण १,०१० रुपये भाड्यात कोल्हापूर शहरात कोण खोली देतं? भाड्याच्या जागी ४,००० घाला आणि पुन्हा करा : १४,१०० भागिले ०.५५, म्हणजे सुमारे २५,६३६. केंद्रीय कामगार संघटना महिना २६,००० रुपये किमान वेतन मागतात तेव्हा अनेकांना तो आकडा हवेतला वाटतो. स्वतःच्या वहीत हिशेब केलेल्या माणसाला तसा वाटत नाही, हे मी कट्ट्यावर बऱ्याचदा पाहिलंय.

चार माणसांची तीन एककं कशी काय?

नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. झाले तीन.

याचा मला मनापासून राग आहे. पहाटे पाचला उठून घरचं सगळं आवरायचं, मग रस्ता झाडायचा किंवा चाळीस पोरांची खिचडी शिजवायची, अशा बाईचं पोट ०.८? आणि घरातले म्हातारे आई-बाप तर या हिशेबात कुठंच नाहीत. आपल्याकडच्या किती घरांत फक्त चौघं राहतात? डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जानेवारी २०१९ मध्ये अहवाल दिला, त्यात एककं ३ वरून ३.६ करायला सांगितली होती. त्याच समितीने जुलै २०१८ च्या किमतींनी देशभरासाठी दिवसाला ३७५ रुपयांचा पाया, म्हणजे ज्याच्या खाली वेतन जाऊ नये अशी रक्कम, सुचवला होता. तेव्हा राष्ट्रीय पाया होता १७६ रुपये. अहवालानंतर तो झाला १७८. दोन रुपयांनी वाढला.

मानधन आणि पगार यात फरक काय? शेवटी पैसे पैसेच न्हवं?

फरक शब्दाचा आहे, आणि सगळं नुकसान त्या शब्दातच आहे.

पगार म्हटलं की त्याच्यामागं कायदा उभा राहतो : किमान वेतन, महागाईप्रमाणे वाढ, भविष्य निर्वाह निधी, जादा कामाचे दुप्पट पैसे, रजा, उपदान (ग्रॅच्युइटी). मानधन म्हटलं की सरकार म्हणतं, या तर मानसेवी, समाजसेवा म्हणून काम करतात, आम्ही त्यांचा सन्मान करतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस 'मानसेवी'च आहेत. पन्नास वर्षं एखादं काम रोज चालतं, त्याला हजेरी असते, वरिष्ठ असतात, गैरहजेरीत पैसे कापले जातात, निवृत्तीचं वय ठरलेलं असतं, आणि तरी ती सेवा? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अमीरबी प्रकरणात सांगितलं की अंगणवाडी सेविका हे शासकीय पद नाही. त्या निकालाचा आधार राज्यं अजून घेतात. दुसऱ्या बाजूला २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने सरकारी योजनांवर राबणाऱ्या या सगळ्यांना कामगार म्हणा, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या, अशी शिफारस केली. ती शिफारस तशीच पडून आहे.

आकड्यांत बोलायचं तर केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० आणि मदतनीसाचं १,५०० वरून २,२५० केलं. त्याच्यावर राज्य भर घालतं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून सेविकेला एकूण १०,००० आणि मदतनीसाला ५,५०० झाले. २०२४ मध्ये पुन्हा वाढ झाली, पण तिच्यातला काही भाग कामगिरीच्या प्रोत्साहन भत्त्यावर ठेवला. मधल्या काळात ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर ५२ दिवसांचा संप झाला. नागाळा पार्कात जिल्हा परिषदेसमोर थंडीत बसलेल्या त्या बायका ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही वाढ कुणी उदार होऊन दिलेली नाही हे सांगायला नको.

वरचा २०,२०० चा हिशेब आणि २०२३ चं ५,५०० चं मानधन शेजारी ठेवा. माझी आई मदतनीस असताना आकडे याहून कितीतरी लहान होते. ती म्हणायची, "पैशाचं काय नाय रे, पोरं खात्यात." ती हे मनापासून म्हणायची. तिच्या त्या मनावरच सगळी योजना चालली होती, हे मला फार उशिरा कळलं. दिवाळीला मानधन तीन-तीन महिने थकलेलं असायचं आणि आई दुकानदाराला तोंड चुकवून मागच्या वाटेनं घरी यायची.

माझं काम वाढतच चाललंय. मोबाईलवर माहिती भरा, सर्व्हे करा, अर्ज भरा. त्याचे वेगळे पैसे मिळतात का?

कधी मिळतात, कधी नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचं काम आलं तेव्हा अर्जामागं ५० रुपये जाहीर झाले होते. कोणताही जादा कामाचा आदेश तोंडी घेऊ नका. किमान व्हॉट्सअॅपवर आलेला संदेश जपून ठेवा आणि कोणत्या तारखेला किती काम केलं ते वहीत लिहा. पुढे मागणी करताना कामाला येते ती वही.

अंगणवाडी सेविका, मदतनीस निवृत्त झाल्या तर उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळते का?

२५ एप्रिल २०२२ ला मणिबेन मगनभाई भरिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा उपदान कायदा लागू आहे. प्रकरण गुजरातचं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा लावलेला अर्थ सगळ्या देशाला लागू होतो. मानधन हेच वेतन, असा अर्थ तिथं लावला गेला, आणि म्हणून हा निकाल उपदानापुरता राहत नाही असं मला वाटतं.

हिशेब सोपा आहे. शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. १०,००० मानधनावर २० वर्षांनी निवृत्त झालेल्या सेविकेचे येतात सुमारे १,१५,३८५ रुपये. नोव्हेंबर २०२५ पासून उपदानाचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण हे सूत्र तेच आहे. अर्ज लेखी करा, पोच घ्या. "आमच्याकडं तसा आदेश नाही" असं उत्तर मिळालं तर तेही लेखी मागा.

आशाताईंचं काय?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या. त्यांना महिन्याचं वेतन नाही, 'कामावर आधारित मोबदला' : बाळंतपणाला दवाखान्यात नेलं, लसीकरण पूर्ण केलं, क्षयरुग्णाला गोळ्या दिल्या, प्रत्येकाचे वेगवेगळे पैसे. त्यावर राज्याची ठरावीक रक्कम. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ती ३,५०० वरून ५,००० झाली आणि मार्च २०२४ मध्ये, आझाद मैदानावरच्या मुक्कामानंतर, त्यात आणखी ५,००० ची भर पडली.

नगावर पैसे देण्यात मोठी मेख आहे. गगनबावडा किंवा शाहूवाडीतल्या दुर्गम वाडीत बाळंतपणंच कमी, चालणं जास्त. तिथल्या आशेला शहरालगतच्या आशेपेक्षा कष्ट अधिक आणि पैसे कमी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ, करवीर तालुक्यात छावण्यांमधून क्लोरीनच्या गोळ्या वाटत फिरलेल्या या बायका होत्या. तिथल्या पायपिटीला नगाचा कुठला दर लावणार?

शालेय पोषण आहार शिजवणाऱ्यांना महिना हजार रुपये, हे खरं आहे का?

केंद्राच्या योजनेत २००९ पासून स्वयंपाकी-मदतनीसाला महिना १,००० रुपये आहेत, तेही वर्षातले दहाच महिने. राज्य आपली भर घालतं. मे महिन्यात चूल पेटत नाही असं कुणी धरलं असेल तर नकळे.

महापालिकेत कायम माणूस आणि ठेकेदाराचा माणूस एकच रस्ता झाडतात. दोघांच्या पगारात एवढी तफावत चालते का?

चालू नये. राज्यात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सगळ्यात खालच्या श्रेणीचं मूळ वेतन १५,००० आहे (केंद्रात १८,०००), त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. ठेकेदाराच्या माणसाला किमान वेतन मिळालं तरी नशीब, अशी स्थिती.

कायद्याचं म्हणाल तर २६ ऑक्टोबर २०१६ ला जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तेच काम करणाऱ्या रोजंदारी आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं सुरुवातीचं वेतन द्यावं लागेल. जे थेट पालिकेकडं रोजंदारीवर किंवा ठोक मानधनावर आहेत, त्यांना हा निकाल सरळ उपयोगी. ठेकेदारामार्फत असलेल्यांची वाट अवघड, कारण कागदावर मालक वेगळा दिसतो. तरी कंत्राटी कामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत १९७१ पासून एक अट होती : मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम असेल तर ठेकेदाराने वेतनही तेवढंच द्यावं.

कायम होण्याचा प्रश्न वेगळा. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्याचा हक्क नाकारला. त्याचाच आधार घेऊन कार्यालयं वीस-वीस वर्षं माणसं 'तात्पुरती' ठेवतात. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच वागण्यावर बोट ठेवलं आणि केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई आणि माळीकाम करणाऱ्यांना सेवेत नियमित करायला सांगितलं. तुमची हजेरी जुनी आणि सलग असेल तर हा निकाल वकिलाला जरूर दाखवा.

पालिका माणसं भरतच का नाही मग? ठेकेदाराला द्यायला पैसे आहेत की!

याचं उत्तर ३५ या आकड्यात आहे. महाराष्ट्रात पालिकांचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा असा दंडक आहे. तो ओलांडला की नवी पदं भरायला अडचण येते. कायम कामगाराचा पगार आस्थापनेत धरला जातो. तोच रस्ता ठेकेदाराच्या माणसाने झाडला की खर्च कामाच्या बिलात जातो, आस्थापनेत दिसत नाही. कचरा तितकाच, रस्ता तोच, माणूसही पुष्कळदा तोच. बदलतं ते खर्चाचं शीर्षक. शिवाय ठेकेदाराचा नफा वरून द्यावा लागतो तो वेगळाच. हिशेबनीस म्हणून सांगतो, अशी बचत मी माझ्या संस्थेच्या वहीत दाखवली असती तर लेखापरीक्षकाने पान फाडून हातात दिलं असतं.

राज्य सरकारनेही ६ सप्टेंबर २०२३ ला खासगी संस्थांमार्फत भरतीचा निर्णय काढला होता. विरोध झाल्यावर तो पुढच्या महिन्यात रद्द करावा लागला.

ठेकेदार म्हणतो, "पालिकेनं बिल काढलं नाही, पगार कुठनं देऊ?"

तो त्याचा आणि पालिकेचा प्रश्न. महिना संपल्यावर सात दिवसांत पगार झालाच पाहिजे. ठेकेदाराने दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणून अर्ज एकट्या ठेकेदाराच्या नावाने देऊ नका. कार्यालयाच्या प्रमुखालाही द्या.

आणि "परवडत नाही" हे किमान वेतन न देण्याचं कारण होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५० आणि ६० च्या दशकातच सांगून ठेवलंय. उद्योगपतीला जे लागू, ते पालिकेला का नसावं?

पगारातून काय काय कापता येतं?

भविष्य निर्वाह निधीचे तुमचे १२ टक्के. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल (वेतन २१,००० पर्यंत) तर तुमचे पाऊण टक्का. व्यवसाय कर : पुरुषांना १०,००० च्या वर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना २५,००० पर्यंत काही नाही. म्हणजे १४,००० वेतनाच्या पुरुष कामगाराचे १,६८० अधिक १०५ अधिक २०० असे १,९८५ जातील, हातात १२,०१५ आले पाहिजेत.

इथं सगळ्यात जास्त होणारी लबाडी लक्षात ठेवा : मालकाचे निधीचे १२ टक्केही कामगाराच्याच पगारातून कापणं. २४ टक्के कापलेलं दिसलं की कागद घेऊन उठा. बूट, हातमोजे, गणवेश यांचे पैसे कापलेले दिसले तरी तेच.

कापलेले पैसे जमा झाले का, ते तुमच्या निधी खात्याच्या यूएएन क्रमांकावरून उमंग अॅपमध्ये पासबुक उघडून दर महिन्याला पाहा. पोरगं-पोरगी शाळेत शिकत असतील तर त्यांना दाखवा, दोन मिनिटांत उघडून देतात.

माझं एटीएम कार्ड मुकादमाकडं आहे. खात्यावर पूर्ण पगार जमा होतो, मग तो काढून मला निम्मा देतो. काय करू?

हा प्रश्न विचारायला दोन वर्षांपूर्वी एक मावशी आल्या, तेव्हा त्यांचा आवाज फुटत नव्हता. कागदावर सगळं चोख होतं : किमान वेतन, निधी, स्लिप. हातात मात्र निम्मे पैसे. त्यांना घेऊन आम्ही बँकेत गेलो, कार्ड बंद केलं, नवं काढलं, पिन बदलला आणि मोबाईल क्रमांक त्यांचा स्वतःचा घातला. पुढच्या महिन्यात मुकादमाने काम बंद केलं. मग त्यांच्याबरोबरच्या अकरा जणी एकाच दिवशी बँकेत गेल्या. अकरा जणींना एकदम काढणं त्याला जमलं नाही.

तेव्हा एकट्याने करू नका. बँकेतून मागच्या सगळ्या महिन्यांचा उतारा घ्या. एकाच एटीएमवरून, एकाच दिवशी, पाठोपाठ सगळ्यांच्या खात्यातून पैसे निघालेले त्यात दिसतात. तो मोठा पुरावा आहे.

आमची ग्रामपंचायत म्हणते, घरफाळा वसूल झाला की पगार. हे बरोबर आहे का?

ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना किमान वेतन लागू आहे. ऑगस्ट २०२० मध्ये शासनाने त्यांचे दर नव्याने ठरवले. त्यातला एक हिस्सा राज्य देतं आणि तो वसुलीशी जोडलेला आहे. उरलेला ग्रामपंचायतीने द्यायचा. घोळ इथंच होतो : राज्याचा हिस्सा खात्यावर येतो, गावचा हिस्सा वर्षानुवर्षं राहतो आणि शिपायाला वाटतं आपला पगार एवढाच.

वसुली करणं ही ग्रामपंचायतीची जबाबदारी. पाणी सोडणाऱ्याने पाणी सोडलं, त्याचं काम संपलं. ग्रामसभेत हे विचारा. 'थकीत वेतन किती' हा आकडा इतिवृत्तात आला की त्याचं वजन वाढतं.

किमान वेतन कमी दिलं तर फार तर दंड होईल. अजून काय?

१९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी आहे, कारण भुकेपोटी दिलेली संमती ही संमती नसते. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबतही तेच सांगितलं. तिथं काम देणारं स्वतः सरकार होतं.

वेठबिगारी हा शब्द आपल्या मातीला नवा नाही. याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं बंद केली आणि पुढे वेठबिगारीलाही मनाई केली. वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात पिढ्यानपिढ्या चोवीस तास राबवून घेण्याची ती रीत होती. आजही शहराचा कचरा आणि गटारं उचलणारे बहुतेक कुठल्या वस्तीतून येतात, हे दसरा चौकातून जाताना शाहूंच्या पुतळ्याकडं बघून प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

नवी वेतन संहिता आली म्हणतात. आमच्यासाठी काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. १९३६, १९४८, १९६५ आणि १९७६ चे चार जुने कायदे तिच्यात गेले. राज्याचे आधीचे किमान वेतनाचे दर नवे येईपर्यंत चालू राहतात. दर १ जानेवारी आणि १ जुलैला महागाईप्रमाणे बदलणारा किमान वेतनावरचा विशेष भत्ताही बघत राहा. तो वाढला आणि तुमचा पगार वाढला नाही, तर फरक मागता येतो.

चांगलं काय? आता किमान वेतन सगळ्या रोजगारांना आहे, पूर्वीसारखं ठरावीक यादीतल्यांनाच नाही. दावा करायला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे, आणि थकबाकीच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. वेतनचिठ्ठी देणं बंधनकारक आहे. संघटनाही तुमच्या वतीने अर्ज करू शकते. वाईट हे की सेविका, आशा, पोषण आहारवाल्या यांचं नाव संहितेत कुठंच नाही.

तक्रार कुठं करायची? आणि कामावरनं काढलं तर?

किमान वेतनासाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय, निधीसाठी भविष्य निधीचं क्षेत्रीय कार्यालय. दोन्ही कोल्हापुरातच आहेत. कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालयही इथंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, त्यामुळे याचिकेसाठी मुंबईची वारी चुकली. ज्याचा रोज बुडाला की चूल बुडते, त्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते सांगायला नको.

काढण्याची भीती खरी आहे, तिला मी खोटा धीर देणार नाही. म्हणून पहिला अर्ज तक्रारीचा नको, माहितीचा करा. माहिती अधिकारात दहा रुपयांत (दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत) ठेक्याचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), वेतनपत्रक आणि निधीच्या चलनाच्या प्रती मागता येतात. अर्ज १५० शब्दांत बसवा, ३० दिवस थांबा. अर्ज तुमच्याच नावाने हवा असं नाही, शेजारच्या गल्लीतल्या कुणीही नागरिकाने केला तरी चालतो. कोल्हापूरकरांनो, हे तुम्ही करू शकता. तुमच्या दारातला कचरा उचलणाऱ्यासाठी एवढं करायला काही लागत नाही.

पगार वाढवले तर आमचा घरफाळा वाढणार. आम्ही का भरायचा?

मीही घरफाळा भरतो, तेव्हा प्रश्न समजतो. पण आज स्वस्तात मिळणारी स्वच्छता खरंतर स्वस्त नाही, तिचे पैसे दुसरं कुणीतरी भरतंय : त्या झाडूवाल्याची शाळा सुटलेली पोरगी, दवाखान्यात न गेलेली त्याची आई, महिन्याला शेकडा पाचने घेतलेलं त्याचं कर्ज. २०१९ च्या महापुरानंतर पाणी ओसरलं तेव्हा घराघरात चिखल आणि मेलेली जनावरं होती. तो चिखल कुणी काढला ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आपण त्यांना चहा दिला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्या महिन्याचा त्यांचा पगार वेळेवर झाला का, हे आपल्यापैकी कुणी विचारलं नाही, मीही नाही.

कट्ट्यावर येताना काय काय आणू?

असतील तेवढ्या वेतनचिठ्ठ्या, बँकेचं पासबुक छापून आणलेलं, यूएएन क्रमांक, ओळखपत्र आणि नेमणुकीचा कागद असेल तर तो. नसेल तर गणवेशातला किंवा गाडीवरचा फोटो, हजेरीच्या पानाचा फोटो, मुकादमाचे व्हॉट्सअॅप संदेश. काहीच नसेल तरी या. कोणत्या वर्षापासून, कोणत्या प्रभागात, कुणाच्या हाताखाली काम केलं ते आठवून सांगा, आम्ही लिहून घेतो. मूळ कागद कुणाकडंही ठेवून जाऊ नका, आमच्याकडंसुद्धा नाही. झेरॉक्स आणा. आणि शक्य झालं तर बरोबर काम करणारा आणखी एक जण घेऊन या.